टायटॅनियम आणि इन्कोनेल पहिल्यांदा कापताना : नव्या सेटरसाठी पायरीपायरीने

ईएन-८, ईएन-२४ या स्टीलच्या जातींवर आणि ॲल्युमिनियमवर काही वर्षं हात बसला की ड्रॉइंग बघतानाच फीड (टूल पुढे सरकण्याचं प्रमाण) आणि स्पीड (कापण्याचा वेग) डोक्यात तयार होतात. मग एके दिवशी मटेरिअलच्या रकान्यात 'टीआय-६एएल-४व्ही' (टायटॅनियमचा मिश्रधातू) किंवा 'इन्कोनेल ७१८' लिहिलेलं येतं. नेहमीचे आकडे जरा कमी करून कट लावला जातो आणि दोन-तीन मिनिटांत इन्सर्टचा, म्हणजे टूलवर बसवलेल्या बदलता येणाऱ्या धारेच्या तुकड्याचा, कोपरा गायब होतो. हा लेख त्या पहिल्या जॉबच्या आधी वाचायचा आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, विक्रोळीत गोदरेजकडे इस्रोची विकास रॉकेट इंजिनं बनतात. अशा कामांची साखळी लहान वर्कशॉपपर्यंत येते, तेव्हा हे धातू तुमच्याही मशीनवर चढू शकतात.

विमानात हे धातू का लागतात ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या अडचणीचं मूळही तिथेच आहे. बोइंग ७८७ च्या वजनात सुमारे १५ टक्के टायटॅनियम आहे, एअरबस ए३५० मध्ये सुमारे १४ टक्के. कार्बन फायबरला ॲल्युमिनियम लागून बसलं की ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं. टायटॅनियमला तो त्रास नाही, म्हणून विमानात कार्बन फायबर वाढलं तसं टायटॅनियमही वाढलं. इन्कोनेल ७१८ हा निकेलचा मिश्रधातू अमेरिकेतल्या इंटरनॅशनल निकेल कंपनीत हर्बर्ट आयझेलस्टाइन यांनी तयार केला. त्याचं पेटंट १९६२ चं. जवळपास ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तो आपली ताकद टिकवतो, म्हणून इंजिनाच्या डिस्क, केसिंग, बोल्ट यांत तो असतो. गरम झाल्यावरही मऊ न पडणं हा त्याचा गुण, आणि कापताना आपल्याला नडतो तोही हाच.

दोन्ही धातूंमध्ये सगळा खेळ उष्णतेचा आहे. ती धारेपासून दूर नेता आली तर काम होतं. जॉबच्या पृष्ठभागात शिरली तर भाग मापात असूनही बाद होतो. पुढची प्रत्येक पायरी वाचताना एकच प्रश्न धरून ठेवा : इथे तयार झालेली उष्णता जाणार कुठे?

पहिली पायरी : बार मशीनवर घेण्याआधी सर्टिफिकेट वाचा

नुसतं 'इन्कोनेल ७१८' कळून भागत नाही, तो कोणत्या अवस्थेत आला आहे ते बघावं लागतं. एएमएस ५६६२ (एएमएस ही विमानाच्या मटेरिअलची अमेरिकी मानकं) लिहिलं असेल तर बार सोल्यूशन ट्रीटमेंट केलेला, म्हणजे त्यातल्या त्यात मऊ आहे. एएमएस ५६६३ असेल तर एजिंगही (ताकद वाढवणारी उष्णता-प्रक्रिया) झालेलं आहे आणि कडकपणा ४० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) आसपास असतो. दोघांचं स्पीड आणि टूलचं आयुष्य अगदी वेगळं. शक्य असेल तिथे रफिंग (जास्तीचं मटेरिअल काढणं) मऊ अवस्थेत, मग एजिंग, मग फिनिशिंग (शेवटचं माप आणणं) असा क्रम ठेवतात. मात्र एजिंगमध्ये ७१८ किंचित आक्रसतो, दर १०० मिलीमीटरला साधारण ०.०८ मिलीमीटर. फिनिशिंगसाठी मटेरिअल सोडताना हा हिशेब धरा. रफिंगनंतर जॉब थोडा वाकतोही, त्याचीही सोय त्यातच करायची.

टायटॅनियमचा बार हैदराबादच्या मिधानी या सरकारी धातू कंपनीचा असेल तर कागदावर 'टायटन ३१' हे नाव दिसेल. ते म्हणजे आपलं ६-४च : सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. फोर्जिंग (ठोकून आकार दिलेला तुकडा) आलं असेल तर वरच्या सालीकडे लक्ष द्या. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषतं आणि वर एक कडक, ठिसूळ थर तयार होतो, त्याला अल्फा केस म्हणतात. पहिला कट या थराच्या खाली जाईल इतका खोल घ्या. वरवर खरवडत गेलात तर धार थेट त्या थरावर घासते.

हीट नंबरही (धातू वितळवलेल्या खेपेचा क्रमांक) इथेच टिपून घ्या. बारचा तुकडा कापला की उरलेल्या भागावरही नंबर घालायचा. नंबर नसलेला तुकडा विमानाच्या कामात भंगारात जातो, मग तो कितीही महागाचा असो.

दुसरी पायरी : उष्णतेचा हिशेब समजून घ्या

साध्या मध्यम कार्बन स्टीलची उष्णतावाहकता साधारण ५० वॅट प्रति मीटर-केल्विन असते. इन्कोनेल ७१८ ची सुमारे ११, आणि टायटॅनियम ६-४ ची सातच्याही खाली. ॲल्युमिनियम ६०६१ ची १६० च्या पुढे. स्टील कापताना बरीचशी उष्णता चिपबरोबर (कापून निघणाऱ्या धातूबरोबर) निघून जाते. टायटॅनियममध्ये ना चिप ती वाहून नेते, ना जॉब. त्यातच टायटॅनियमची चिप टूलला फार थोड्या जागेत टेकते, अगदी धारेच्या काठाला. म्हणजे सगळी उष्णता एका बारीक पट्टीत साठते आणि टूलमध्ये शिरते. शिवाय गरम टायटॅनियम टूलच्या मटेरिअलशी रासायनिक क्रिया करतं, त्याला चिकटतं आणि सुटताना कार्बाइडचे (टूलच्या कडक मटेरिअलचे) कण घेऊन जातं.

यातून पहिला नियम निघतो : तापमान वाढवण्यात सगळ्यात मोठा हात कटिंग स्पीडचा असतो, फीडचा त्याहून कमी, कटाच्या खोलीचा सगळ्यात कमी. एफ. डब्ल्यू. टेलर यांनी १९०७ मध्ये स्पीड आणि टूल लाइफचं जे गणित मांडलं, ते या धातूंत फार कडकपणे लागू पडतं. स्पीड थोडंसं वाढवलं तरी आयुष्य धाडकन खाली येतं. नवा माणूस टूल जळायला लागलं की फीड कमी करतो. बहुतेक वेळा ते उलटं पडतं. फीड फार कमी झालं की धार कापायची थांबते आणि घासायला लागते. इन्कोनेलमध्ये त्या घासण्याने पृष्ठभाग आणखी कडक होतो, आणि पुढचा कट त्या कडक थरातच चालतो. टूल जळतंय असं दिसलं की आधी स्पीड कमी करा. फीडला हात लावण्याआधी दोनदा विचार करा.

तिसरी पायरी : पकड

टायटॅनियमची लवचिकता स्टीलच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे तेवढ्याच जोराने तो दुप्पट वाकतो. स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ११४ गिगापास्कल, स्टीलचा दोनशेच्या वर. पातळ भिंत असेल तर टूल येताच ती मागे सरते, टूल गेल्यावर परत येते आणि धारेच्या मागच्या बाजूला घासते. मोजताना भिंत जाड भरते. मग ऑफसेट देऊन अजून एक हलका कट घेतला जातो, तो नुसता घासतो आणि तापवतो.

म्हणून आधार कटाच्या जितका जवळ देता येईल तितका द्या. पातळ भिंतीच्या दोन्ही बाजू आळीपाळीने, वरून खाली टप्प्याटप्प्याने उतरवा, म्हणजे खालचा भाग अजून जाडच असतो आणि वरच्याला धरून ठेवतो. टूल होल्डरमधून कमीत कमी बाहेर काढा. रनआउट (फिरताना टूलचं मध्यापासून सरकणं) ०.०१ मिलीमीटरच्या आत आणा. चार दातांच्या कटरमध्ये रनआउट जास्त असेल तर एकच दात सगळा भार घेतो आणि तो गेला की बाकीचे त्याच्यामागे जातात. टायटॅनियमच्या जड रफिंगमध्ये साध्या कोलेटमधून कटर हळूहळू खाली सरकतो, जॉबमध्ये खोल शिरतो आणि हे शेवटी मोजतानाच कळतं. श्रिंक फिट (तापवून-थंड करून टूल आवळणारा होल्डर), चांगला मिलिंग चक किंवा कटरला बाहेर ओढलं जाऊ न देणारी खाच असलेला होल्डर वापरा. मशीनच्या बाबतीत, हजार-दीड हजार आरपीएमला किती टॉर्क मिळतो ते बघा. वीस हजार आरपीएमचा स्पिंडल इथे फारसा कामाचा नाही.

चौथी पायरी : टूल निवडा

टायटॅनियमसाठी बारीक दाण्याचं, सुमारे सहा टक्के कोबाल्ट असलेलं कार्बाइड, धार तीक्ष्ण, रेक (चिप सरकते त्या बाजूचा कोन) पॉझिटिव्ह. कोटिंग नसलेलं टूलही चालतं, पातळ पीव्हीडी कोटिंग (वाफेतून बसवलेला थर) असेल तर अनेक कामांत जास्त बरं. स्टीलसाठीचं जाड सीव्हीडी (रासायनिक क्रियेने बसवलेल्या) कोटिंगचं इन्सर्ट लावू नका. जाड कोटिंगसाठी धार गोल करावी लागते, आणि गोल धार टायटॅनियममध्ये घासते. सिरॅमिक तर टायटॅनियमला अजिबात नको, ते त्याच्याशी रासायनिक क्रिया करतं.

इन्कोनेलमध्ये पीव्हीडीचं टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड कोटिंग असलेलं कार्बाइड ही सुरक्षित सुरुवात. इथे टूल जाण्याची एक खास जागा आहे. इन्सर्ट भिंगाखाली धरा. टोकाकडची धार शाबूत दिसते, पण कटाची खोली जिथे संपते, म्हणजे जॉबचा जुना पृष्ठभाग जिथे धारेला लागतो, तिथे एक खोल खाच पडलेली असते. तो नॉच. आधीच्या पासने कडक केलेला थर आणि चिपची करवतीसारखी कड सतत त्याच बिंदूवर आदळतात. खाच वाढत गेली की तिथून इन्सर्ट तुटतो.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र वापरता येतात. धारेचा फीडच्या दिशेशी कोन ९५ अंश असलेल्या टूलऐवजी ४५ अंशांचं किंवा गोल इन्सर्ट घ्या, त्याने चिप पातळ होते आणि भार धारेवर पसरतो. गोल इन्सर्टमध्ये कटाची खोली त्याच्या व्यासाच्या चौथाईच्या आत ठेवा, नाहीतर फायदा निघून जातो. प्रत्येक पासची खोली बदला : पहिला ३ मिलीमीटर, दुसरा २.५, तिसरा २, म्हणजे खाच पडायची जागा दर वेळी सरकते. आणि प्रोग्रॅमिंग जमत असेल तर एकच पास तिरका घ्या, सुरुवातीला खोल आणि शेवटी उथळ. मी कोणत्याही नव्या माणसाला इन्कोनेलच्या टर्निंगमध्ये (जॉब फिरवून कापताना) हा तिरका पास आधी शिकवतो. नवं टूल विकत न घेता आयुष्य वाढवणारी इतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

आता सिरॅमिकबद्दल, कारण इथे वरचा नियम पालथा होतो. सिलिकॉन कार्बाइडचे तंतू घातलेलं ॲल्युमिना किंवा सायलॉन ही सिरॅमिक्स इन्कोनेलचं रफिंग मिनिटाला २०० ते ३०० मीटर वेगाने करतात. कार्बाइडच्या पाच-सहापट. इतक्या वेगात धारेच्या पुढचं मटेरिअल तापून मऊ पडतं आणि सिरॅमिक त्या तापमानातही कडक राहतं, म्हणून ते मऊ धातू कापून काढतं. इथे वेग कमी केला तर टूल तुटतं, कारण मटेरिअल मऊच होत नाही. टर्निंगमध्ये कूलंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरपूर द्या. मिलिंगमध्ये (टूल फिरवून कापताना) कूलंट बंद, नुसती हवा. दात आत-बाहेर होताना पाणी पडलं की सिरॅमिक तडकतं. पण सिरॅमिकने तापवलेला पृष्ठभाग शेवटचा पृष्ठभाग म्हणून ठेवू नका. निदान अर्धा मिलीमीटर मागे सोडा आणि तो कार्बाइडने, ताज्या धारेने, शांतपणे काढा. पहिल्या काही महिन्यांत सिरॅमिकच्या वाटेला जाऊ नका असंच मी म्हणेन. पकड, मशीन आणि प्रोग्रॅम तिन्ही पक्के झाल्यावर ते हातात घ्या.

पाचवी पायरी : सुरुवातीचे आकडे

टूल कंपनीच्या कॅटलॉगमधला आकडा आधी बघा. तो नसेल तर टायटॅनियम ६-४ च्या टर्निंगला कार्बाइडने रफिंगसाठी मिनिटाला ४५ ते ६० मीटर, फीड फेरीला ०.२ ते ०.३ मिलीमीटर. फिनिशिंगला ७०-८० मीटरपर्यंत जाता येतं. एजिंग केलेल्या इन्कोनेलला रफिंग ३० ते ४०, फिनिशिंग ५० च्या आसपास, फीड ०.१५ ते ०.२५. इन्कोनेलच्या मिलिंगला २५ ते ३५. नेहमी खालच्या टोकापासून सुरू करा.

मिलिंगचं एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण गेल्या काही वर्षांतली माझ्या मते सगळ्यात उपयोगी सुधारणा यात दिसते. १२ मिलीमीटरचा चार दातांचा एंडमिल टायटॅनियममध्ये पूर्ण रुंदीचा स्लॉट काढतोय. स्पीड ५० मीटर, म्हणजे साधारण १३२५ आरपीएम. दाताला फीड ०.०५, म्हणजे मिनिटाला २६५ मिलीमीटर. खोली ६ मिलीमीटर. मिनिटाला निघणारं मटेरिअल साधारण १९ घन सेंटिमीटर. या कटात प्रत्येक दात अर्ध्या फेरीभर, १८० अंश, मटेरिअलमध्ये असतो.

आता तोच व्यास, पाच दात, पण बाजूचा कट फक्त १.२ मिलीमीटर, म्हणजे व्यासाचा दहावा भाग, आणि खोली २४ मिलीमीटर. आता दात फक्त ३७ अंश कापतो आणि उरलेले ३२३ अंश कूलंटमध्ये गार होतो. म्हणून स्पीड ८० मीटरपर्यंत नेता येतं, सुमारे २१२० आरपीएम. बाजूचा कट पातळ असला की खरी चिपही प्रोग्रॅममधल्या फीडपेक्षा पातळ निघते. दहाव्या भागाला ती फीडच्या ०.६ पट असते. म्हणून ०.०६ ची चिप हवी असेल तर दाताला फीड ०.१० टाकावं लागतं. फीड झालं मिनिटाला १०६० मिलीमीटर, आणि मटेरिअल निघालं ३० घन सेंटिमीटर. दीडपट काम, धार जास्त गार, आणि कटरची पूर्ण लांबी झिजते, नुसतं टोक नाही. कॅम (टूलचा मार्ग आखणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये याला ट्रोकॉइडल, डायनॅमिक, ॲडॅप्टिव्ह अशी निरनिराळी नावं आहेत. आत एकच गोष्ट चालते : धार किती अंश गुंतली आहे यावर ताबा.

चिप पातळ होण्याचा हा हिशेब विसरलात आणि दाताला ०.०५ च फीड ठेवलं, तर खरी चिप ०.०३ निघते, धार घासते आणि दोष मात्र टूलपाथला जातो.

सहावी पायरी : धार आत शिरताना आणि बाहेर पडताना

मिलिंग नेहमी क्लाइंब पद्धतीने, म्हणजे चिप जाड सुरू होऊन पातळ संपली पाहिजे. जाड चिप तुटून टूल बाहेर पडलं की टायटॅनियमचा तुकडा धारेला चिकटून राहतो आणि पुढच्या फेरीत कार्बाइड घेऊन निघतो. सरळ रेषेत आत घुसू नका, कंसात फिरवून आत न्या. कोपऱ्यात टूल एकदम जास्त गुंततं, तिथे त्रिज्या जॉबच्या कोपऱ्यापेक्षा लहान असलेला कटर घ्या आणि वळवून काढा.

आणि कटात असताना फीड होल्ड (टूलचं पुढे सरकणं थांबवणारं बटण) दाबू नका. टूल जागच्या जागी फिरत राहिलं की इन्कोनेलवर तेवढीच जागा आरशासारखी चकाकते. ती चकाकी म्हणजे कडक झालेला थर. थांबायचंच असेल तर आधी टूल बाहेर काढा.

सातवी पायरी : कूलंट

तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचत राहतो, तव्याला टेकत नाही. धारेजवळ हेच होतं : वाफेचा पडदा तयार होतो आणि कूलंट वरूनच निघून जातं. ७० बारच्या आसपासच्या दाबाचं कूलंट टूलच्या आतल्या छिद्रातून थेट धार आणि चिप यांच्या फटीत मारलं की तो पडदा फुटतो आणि चिपही तुटून बाहेर पडते. टायटॅनियम-इन्कोनेलचं काम नियमित करायचं असेल तर नव्या मशीनवर पैसे टाकण्याआधी हा पंप घ्या, असं माझं मत आहे.

पंप नसेल तरी बरंच करता येतं. नोझल धारेवर रोखा. अनेक मशीनवर पाणी होल्डरवर पडत असतं. इमल्शनचं (पाण्यातल्या तेलाचं) प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने मोजून ८ ते १० टक्क्यांत ठेवा. कार्बाइडवर कूलंट सोडायचं तर सलग सोडा, मध्येच बंद-चालू झालं की धारेवर आडव्या भेगा पडतात. टायटॅनियमसाठी क्लोरीनयुक्त कूलंट, साफ करायचं द्रावण किंवा मार्कर वापरायला अनेक ग्राहकांच्या स्पेसिफिकेशनमध्ये मनाई असते, कारण क्लोराइड राहून गेलं आणि पुढे भाग तापला तर ताणाखाली तडे जाऊ शकतात. कूलंट बदलायच्या आधी ग्राहकाचा कागद वाचा.

द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश, किंवा कार्बन डायऑक्साइड धारेवर सोडून कापण्याची क्रायोजेनिक पद्धतही आता प्रयोगशाळेबाहेर आली आहे. टायटॅनियममध्ये तिचा फायदा खरा आहे. पण नळ्या, सील, खोलीतल्या ऑक्सिजनची देखरेख हे सगळं सोबत येतं. नव्या माणसाने ती माहीत ठेवावी, सुरुवात तिथून करू नये.

आठवी पायरी : भोक

६ जुलै १९९६. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोला विमानतळावर डेल्टा एअर लाइन्सचं एमडी-८८ विमान धावपट्टीवर वेग घेत होतं. डाव्या इंजिनाचा पुढचा फॅन हब (पंख्याच्या पात्यांचा मधला भाग) फुटला, तुकडे केबिनमध्ये घुसले, एक आई आणि तिचा मुलगा जागीच गेले. हब टायटॅनियम ६-४ चा होता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, शोध घेतला तेव्हा तडा हबमधल्या एका भोकाच्या भिंतीपासून सुरू झालेला आढळला. हब बनताना ते भोक पाडलं गेलं तेव्हाच भिंतीतल्या एका जागी धातूची अंतर्गत रचना बदलली होती. कारखान्यातल्या तपासणीत ते निसटलं, आणि पुढे वाढलेला तडा विमान कंपनीच्या तपासणीतही निसटला.

ड्रिलिंग करताना ही घटना मनात ठेवा. भोकात धार दिसत नाही, चिपला बाहेर यायला एकच वाट असते आणि कूलंटला आत जायला तीच. चिप अडकली किंवा ड्रिल बोथट झालं की सगळी उष्णता भिंतीत जाते. म्हणून ड्रिल आतून कूलंट येणारं घ्या. अशा ड्रिलने शक्यतो एका दमात, न थांबता भोक पाडा. पेकिंग (थोडं कापून ड्रिल मागे घेत पुढे जाणं) करावंच लागलं तर इन्कोनेलमध्ये तळाशी ड्रिल टेकवून थांबू देऊ नका. दर वेळी तळ घासून कडक होतो आणि पुढचा पेक त्यावर सुरू होतो. ड्रिल मोजून बदला : इतकी भोकं झाली की काढायचं, धार चांगली दिसली तरी. आवाज बदलला, स्पिंडल लोड चढला, चिप निळी-जांभळी किंवा चुरा होऊन यायला लागली, तर थांबा.

आणि भोकात ड्रिल तुटलं तर तुकडा काढून, भोक साफ करून, पुढे चालू ठेवू नका. भाग बाजूला ठेवा, लाल टॅग लावा, क्वालिटीला लेखी कळवा. हा भाग किती महाग आहे हा विचार तेव्हा डोक्यात आणायचा नाही. वरिष्ठ माणूस 'चालेल, घे' म्हणाला तरी लेखी घ्या.

आटे पाडताना टॅप तुटण्याची भीती असते. जागा असेल तर थ्रेड मिलिंग करा. कटर तुटलाच तरी तो बाहेर काढता येतो, भोकात रुतून बसत नाही.

नववी पायरी : टूल कधी बदलायचं

फ्लँकवरची, म्हणजे टूलच्या जॉबला घासणाऱ्या बाजूवरची, झीज ०.३ मिलीमीटर झाली की टूल संपलं, ही सर्वसाधारण मर्यादा. फिनिशिंगमध्ये मी ०.१५ च्या पुढे जाऊ देत नाही. इथे टूल हळूहळू झिजत नाही. बराच वेळ काही होत नाही आणि मग एकदम जातं, म्हणून 'अजून एक जॉब निघेल' हा अंदाज या धातूंत सोडून द्या. कटातल्या मिनिटांवर आयुष्य ठरवा, सुरुवातीला पंधरा मिनिटं धरा, आणि फिनिशिंगचा शेवटचा पास नेहमी ताज्या धारेने घ्या. बोथट धारेने पृष्ठभागात ओढीचे ताण राहतात आणि थकव्याचे तडे तिथून सुरू होतात.

एक गोष्ट ऑटोमोबाइलमधून येणाऱ्यांना अवघड जाते. इंजिनाच्या महत्त्वाच्या भागांची प्रोसेस ग्राहक एकदा मंजूर करतो आणि मग ती गोठवली जाते : टूलचा ग्रेड, स्पीड, फीड, कूलंट, टूल बदलायची वेळ, सगळं. त्यानंतर ओव्हरराइडचा नॉब (स्पीड-फीड टक्क्यांत कमी-जास्त करणारा) ११० वर नेणं म्हणजे मंजूर नसलेला भाग बनवणं. सायकल टाइम कमी करायची चांगली कल्पना असेल तर ती ट्रायल जॉबवर करून, कागदावर मांडून, मंजुरी घेऊन आणायची.

दहावी पायरी : आग

टायटॅनियमची बारीक, पातळ चिप पेट घेते. बोथट टूल आणि कमी फीड असलं की चिप पातळही असते आणि गरमही. मशीनमध्ये चिपचे ढीग साठू देऊ नका, डबा रोज रिकामा करा, त्यात तेलकट चिंध्या टाकू नका, ग्राइंडिंगची धूळ वेगळी ठेवा. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी मारलं तर हायड्रोजन तयार होतो आणि स्फोट होऊ शकतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नको, टायटॅनियम त्यातही जळतं. धातूच्या आगीसाठीचा डी वर्गाचा सिलिंडर किंवा कोरडी वाळू मशीनपासून चार पावलांत हवी. वाळू खरंच कोरडी आहे ना, हे पावसाळ्यात हात घालून बघा.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

खऱ्या जॉबला हात लावण्याआधी त्याच हीटचा एक तुकडा ट्रायलसाठी मागा. मालक महाग म्हणून नाही म्हणेल, तरी मागा. एक बिघडलेलं फोर्जिंग त्या तुकड्याच्या कितीतरी पट पडतं. त्यावर एकच इन्सर्ट, एकच फीड, एकच खोली ठेवा आणि फक्त स्पीड बदला : ४०, ५०, ६०. दर वेळी नवी धार, दर वेळी तेवढीच मिनिटं. प्रत्येक धार भिंगाखाली बघून झीज लिहा, चिपचा तुकडा पारदर्शक पिशवीत घालून पिशवीवर आकडे लिहा. मग एक स्पीड पक्कं करून फीडवर तेच करा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी शिकलेला कोणी सोबत असेल तर त्याला वहीतले आकडे दाखवा.

वहीत मशीनचा नंबर, होल्डर, टूल किती बाहेर होतं आणि कूलंटचं प्रमाण हेही लिहा. पुढच्या वेळी तोच जॉब दुसऱ्या मशीनवर लागला आणि टूल टिकलं नाही, तर कारण बहुतेक या चार रकान्यांतच सापडतं.